पळीभर तेल

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटात शिरला की दोन्ही अंगांना साग उभा राहतो आणि बऱ्याच वळणांनंतर सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. दिवाळी नुकतीच सरली होती. परतवाड्याचे एक जैन व्यापारी कुटुंब मुक्तागिरीचे दर्शन आटोपून सेमाडोहच्या पर्यटक संकुलात एका रात्रीच्या मुक्कामास उतरले होते. आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि अमरावतीस बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकणारी नात, अशी चार माणसे. सायंकाळचे भोजन नियमाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी झाले होते. जंगलात काळोख लवकर पडतो. करमणुकीचे दुसरे साधन नव्हते. त्यामुळे घरात दोन महिने टाळला गेलेला विषय ओसरीवर आपसूक निघाला.

नातीला गणितात एम.एस्सी. करावयाचे होते आणि त्यापुढे संशोधन. प्रवेश-परीक्षा फेब्रुवारीत होती. वडिलांच्या मनात दुसरीच योजना होती. पदवी झाली की सी.ए., आणि मग पेढीचे व ओळखीच्या चार व्यापाऱ्यांचे काम घरबसल्या. मुलगी डोळ्यांसमोर राहावी आणि स्वतःच्या पायांवर उभी राहावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्यांनी दोन प्रश्न विचारले. "गणिताच्या संस्थेत माणसे दिवसभर करतात तरी काय? आणि त्यांचा खर्च कोण चालवतो?"

प्रश्न थोड्या त्राग्याने विचारले गेले, तरी ते अस्थानी नव्हते. रुग्णालयात रोगी दिसतात, प्रयोगशाळेत उपकरणे दिसतात. गणिताच्या संस्थेत एक फळा, एक ग्रंथालय आणि काही गप्प बसलेली माणसे, एवढेच बाहेरच्याला दिसते. भांडवल गुंतवण्यापूर्वी धंदा कोणता, हे विचारणे ही व्यापारी घराची रीतच आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नातीने दिले ते आजोबांकडे पाहून. स्वतःची किराणा-धान्याची पेढी उभी करण्यापूर्वी आजोबांनी काही वर्षे परतवाड्यातील एका लाकूड व्यापाऱ्याकडे दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले होते. सागाच्या गोल लाकडाचे माप कसे काढीत, असे तिने विचारले. आजोबांना ते अजून तोंडपाठ होते. लाकडाच्या मध्यावर दोरी गुंडाळून गोलाई मोजायची, तिचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. गोलाई चार फूट आणि लांबी दहा फूट असेल, तर चौथा भाग एक फूट, त्याचा वर्ग एक, आणि माप दहा घनफूट.

"पण आजोबा, त्या लाकडात खरोखर किती घनफूट असतात?"

आजोबा थांबले. नातीने हिशेब मांडला. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायचे तर परिघाच्या वर्गाला पायच्या चौपटीने, म्हणजे सुमारे १२.५७ ने, भागावे लागते. लाकडाच्या व्यापारातील रीतीत तोच भागाकार १६ ने होतो. म्हणून वहीत दहा घनफूट लिहिलेले लाकूड प्रत्यक्षात सुमारे १२.७३ घनफूट भरते. वहीवर येतात ते शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तर. उरलेले सालीत आणि करवतीच्या भुशात जाणार, असे गृहीत धरलेले असते. आजोबांनी अशी हजारो मापे लिहिली होती. सोळाच का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, कारण रीत चालत होती.

"रीत चालते आहे, तरीही ती का चालते आणि कुठे चालणार नाही, हे शोधत बसायचे. तिथली माणसे दिवसभर हेच करतात," नात म्हणाली.

मग तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेतली, तिचा एक सैल फास केला आणि दिव्यासमोर धरला. भिंतीवर सावली पडली. सावलीत दोरी स्वतःलाच छेदून जात होती, मात्र हातातली दोरी कुठेच स्वतःला छेदत नव्हती. गणितात समीकरणांनी काढलेल्या वक्रांना व पृष्ठांना अशा गाठी आणि टोके असतात. गाठीच्या ठिकाणी नेहमीचे नियम चालत नाहीत. तेव्हा, प्रत्येक गाठाळ आकृती ही कोणत्या तरी गुळगुळीत आकृतीची सावली आहे काय, आणि असल्यास ती मूळ आकृती शोधून काढता येईल काय, असा प्रश्न उभा राहतो. या एका प्रश्नावर एका मराठी माणसाने उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव श्रीराम शंकर अभ्यंकर.

अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे झाला. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेतून पदवी घेऊन ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि ऑस्कर झारिस्की या थोर गणितज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९५५ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. नेहमीच्या संख्यांच्या जगात पृष्ठांच्या गाठी सोडवता येतात, हे झारिस्कींनी दाखवलेच होते. अभ्यंकरांनी तोच प्रश्न एका अवघड जगात सोडवला. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तसे एखाद्या मूळ संख्येपाशी मोजणी पुन्हा शून्यावर येते असे ते जग. वयाच्या पंचविशीत केलेल्या या कामाने ते जगभर ओळखले गेले. पुढे १९६३ पासून अखेरपर्यंत ते पर्ड्यू विद्यापीठात राहिले. तीन मितींपर्यंत या प्रश्नाची वाट बरीच मोकळी झाली आहे, परंतु त्या घड्याळी जगात चार व त्याहून अधिक मितींचा प्रश्न आजही अनिर्णित आहे. १९५७ साली अभ्यंकरांनी मांडलेले आणखी एक अनुमान फ्रान्सचे रेनो आणि अमेरिकेचे हारबाटर यांनी १९९४ साली सिद्ध केले. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर ही हुंडी सदतीस वर्षांनी वटली.

अशा विद्येचा व्यवहारात उपयोग काय, असे वडिलांनी विचारलेच. नातीने त्यांच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवले. पेढीचे पैसे आता त्या फोनवरून येतात-जातात. तो व्यवहार वाटेत कोणी वाचू नये म्हणून जी कुलपे वापरली जातात, त्यांतले एक प्रसिद्ध कुलूप १९७७ साली रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी बनवले. ते मूळ संख्यांवर उभे आहे, आणि त्यामागचा सिद्धांत अठराव्या शतकातील ऑयलर या गणितज्ञाचा आहे. रामानुजनांचे मार्गदर्शक, केंब्रिजचे हार्डी यांनी १९४० साली संख्या-सिद्धांताचा युद्धाला काही उपयोग नाही, असे समाधानाने लिहून ठेवले होते. चाळीस वर्षे होण्याच्या आत त्याच विषयाने बँकांची तिजोरी राखण्याचे काम हाती घेतले. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट व निश्चितपणे ठरवणारी पद्धत २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.त मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच पदवीधर झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी शोधली. साऱ्या जगाने तिची दखल घेतली.

वडील काही बोलले नाहीत. दुसरा प्रश्न शिल्लक होता. या माणसांचा खर्च कोण चालवतो?

या प्रश्नाचे महाराष्ट्रातील फार जुने उत्तर एका शिलालेखात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला, आणि यादवांचा मांडलिक निकुंभ वंशातील सोइदेव याने १२०७ साली त्या मठाला दान दिले. आजच्या शब्दांत सांगायचे तर ही गणिताची संशोधन-संस्थाच. लेखाचा आरंभ संस्कृतात असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, बहुधा ज्यांनी द्यायचे त्यांना तो समजावा म्हणून. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल त्यावरचे राजाचे येणे मठाला द्यावे आणि तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावे, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे 'लीलावती'चा अभ्यास चालला तो बाजारातल्या गिऱ्हाइकाच्या दामावर, आणि मठातला दिवा जळला तो तेल्याच्या पळीवर. ज्यांनी तेल दिले त्यांपैकी फार थोड्यांना आत काय शिकवतात हे समजत असेल. तरी तेल गेले.

जैन समाजाला हे नवे नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात व्याजाचे, मुदलाचे, मुदतीचे असे पेढीवरचे प्रश्न भरपूर आहेत. नुसत्या आनंदासाठी रचलेल्या हारासारख्या संख्याही आहेत. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक ओळीने उभे राहतात, ही त्यातलीच एक. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. हजार वर्षांनंतर, १९१२ साली, मद्रासला एम. रंगाचार्यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला. त्याची हिंदी आवृत्ती मात्र महाराष्ट्रात, सोलापुरात निघाली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ज्या जैन संस्कृति संरक्षक संघाला दिली, त्या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेली ही आवृत्ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. पैसा व्यापारातला, आणि त्यातून गणिताचा ग्रंथ जिवंत राहिला. पाटणच्या पळीतलेच हे तेल.

हीच गोष्ट दक्षिणेत आणखी मोठ्या प्रमाणावर घडली, आणि तिथे धोकाही दिसून आला. १९५० साली चेट्टियार समाजातील उद्योगपती अळगप्पा चेट्टियार यांनी मद्रासला रामानुजनांच्या नावाने गणित संशोधन संस्था काढली. टी. विजयराघवन हे पहिले संचालक झाले. १९५५ साली ते निवर्तले आणि १९५७ साली स्वतः चेट्टियारही गेले. एका माणसाच्या दानावर उभी असलेली संस्था बंद पडण्याच्या बेतात आली. तेव्हा मद्रास विद्यापीठाने ती आपल्याकडे घेतली, आणि १९६७ साली विद्यापीठाचा गणित विभाग व ही संस्था एकत्र होऊन आजची रामानुजन प्रगत गणित अध्ययन संस्था झाली. दात्याने बीज दिले, आणि विद्यापीठाने ते जगवले. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १९४५ साली सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने झाला. १९४९ साली तेथे आलेल्या के. चंद्रशेखरन यांनी जी गणितशाळा घडवली, तिच्याकडे जगभरचे गणितज्ञ आदराने पाहू लागले. पुढे त्या संस्थेचा भार सरकारच्या अणुऊर्जा विभागाने उचलला. आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.

अभ्यंकरांना हे सारे ठाऊक असणारच. परदेशात मान, पद, सोयी सर्व काही असताना त्यांनी १९७६ साली पुण्यात गणिताची एक संस्था काढली आणि तिला भास्कराचार्यांचे नाव दिले. विधी महाविद्यालय रस्त्याजवळ एरंडवण्यात असलेले हे भास्कराचार्य प्रतिष्ठान आकाराने लहान आहे. बीजगणित आणि संख्या-सिद्धांत हे तेथील संशोधनाचे मुख्य विषय. पुणे विद्यापीठाच्या गणित विभागाच्या व अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने तेथे परिषदा व कार्यशाळा होतात आणि देश-विदेशांतील अभ्यासक येतात. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी वर्ग चालतात. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या मदतीने तेथील ग्रंथालय संपन्न झाले आहे. 'बोना मॅथेमॅटिका' हे नियतकालिक आणि अनेक पाठ्यपुस्तके प्रतिष्ठानने काढली.

तरी या संस्थेचे वेगळेपण कशात असेल, तर ते शाळकरी मुलांत. १९९२ पासून महाराष्ट्र व गोवा विभागाच्या गणित ऑलिंपियाडचे केंद्र प्रतिष्ठानकडे आले. पाचवी-सहावीच्या मुलांसाठीही ते एक प्रज्ञाशोध स्पर्धा घेते. एकाच इमारतीत बारा वर्षांचे मूल आणि प्रबंध लिहिणारा संशोधक, दोघेही येतात. तेथे शिकलेल्या अनेक मुलांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. ज्याने आयुष्यभर अतिकठीण प्रश्नाशी झुंज घेतली, त्याची आवडती विद्या शाळेतले बीजगणितच होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. २ नोव्हेंबर २०१२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेत त्यांचे निधन झाले. पुण्यातले काम थांबले नाही.

नातही नववीत असताना या ऑलिंपियाडच्या विभागीय परीक्षेला बसली होती. निवड झाली नाही. सहा प्रश्नांपैकी एकच तिला पूर्ण सुटला होता. पण सुटलेल्या एकापेक्षा न सुटलेले पाच तिच्याबरोबर घरी आले आणि राहिले. हे तिने घरी कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले.

तिने दुसरी बाजूही लपवली नाही. पीएच.डी.ला पाच वर्षे लागतात, कधी अधिक. अर्ध्यावर सोडून देणारेही असतात. शिष्यवृत्त्या आहेत, राष्ट्रीय उच्च गणित मंडळ त्या देते, पण त्यांसाठी चुरस फार. पुढे चांगल्या जागा मोजक्या. अभ्यंकरांसारखे नाव होणे हे कोणाच्या हाती नसते. संशोधकांपैकी बहुतेकांचे काम एखाद्या मोठ्या भिंतीतल्या एका विटेएवढे असते.

"म्हणजे नफ्याची खात्री नाही," वडील म्हणाले.

"नाही, बाबा."

सून आतापर्यंत गप्प होती. तिने एवढेच म्हटले, "पेढी काढली तेव्हा कुठे होती?"

आजोबांनी नातीच्या हातातली दोरी घेतली आणि दिव्यासमोर धरून पुन्हा एकदा सावली पाहिली. मग ती नीट गुंडाळून ठेवली आणि उठले.

समाजाची खरी कसोटी येथे लागते. शास्त्रदान हे चार दानांपैकी एक मानले जाते. पाठशाळेसाठी, वसतिगृहासाठी, ग्रंथासाठी मागायला कोणी आले तर व्यापारी घरातून सहसा कोणी रिकाम्या हाताने जात नाही. संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु विद्येच्या संस्थेला दोन गोष्टी लागतात. एक पळीभर तेल, आणि दुसरे त्या दिव्याखाली बसणारे कोणी तरी. पहिली गोष्ट समाज आनंदाने देतो. दुसरी मागितली की, दुसऱ्याच्या घरचे मूल जाईल, असे प्रत्येक घराला वाटते. पाटणच्या मठात तेल सारा गाव देत होता, पण आजोबांचा ग्रंथ उघडून बसणारा एक नातू होता, म्हणून तो मठ झाला. तो नसता तर तेल देवळातल्या आणखी एका समईत गेले असते.

सकाळी सिपनेच्या पाण्यावर धुके होते. सामान गाडीत चढले. आजोबा पुढच्या आसनावर बसले आणि गाडी परतवाड्याच्या दिशेने वळल्यावर त्यांनी नातीला परीक्षेची तारीख विचारली. मग ते मुलाशी बोलले.

"पाडव्याला नवी वही घातली आहे. हिच्या शिक्षणाचे पान त्यात उघड."

"धर्मादायाच्या खात्यावर लिहू, बाबूजी?" मुलाने विचारले. आवाजात किंचित नाराजी अजून होती.

"धर्मादाय म्हणजे देऊन विसरायचे. हिला विसरायचे नाही. उधारीतही लिहू नकोस. उधारी वसूल करावी लागते. भांडवलात लिही."

मुलगा काही वेळ गाडी चालवत राहिला. "दोन वर्षे," तो म्हणाला. "एम.एस्सी. होईपर्यंत. पुढचे पुढे पाहू."

मागच्या आसनावरून नातीने हो म्हटले. घाटातला साग मागे पडत होता. आजोबा खिडकीतून एकेका बुंध्याकडे पाहत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. ते बहुधा सोळाने भागत होते, किंवा साडेबाराने.